जमिनीखालचे तेल आणि मोजमापाची मालकी

समुद्रात तेल सांडले की त्याची छायाचित्रे दुसऱ्याच दिवशी जगभर प्रसिद्ध होतात. काळवंडलेले किनारे आणि तेलाने माखलेले पक्षी पाहून लोकमत जागे होते आणि राज्यकर्त्यांना काही ना काही खुलासा करावाच लागतो. जमिनीत मुरलेल्या तेलाचे तसे नाही. त्याचा तवंग कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि एखाद्या घरातील नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागेपर्यंत पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. तोपर्यंत महिने, क्वचित वर्षेही गेलेली असतात. असे तेल काढण्याचे तंत्र आज बऱ्याच अंशी अवगत झाले आहे. अडचण आहे ती तंत्राबाहेरची. कोणत्या टाकीला कायदा लागू करावयाचा, भूजलाचे मोजमाप कोणाच्या हाती ठेवावयाचे आणि त्याचा खर्च कोणावर टाकावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या देशांनी उशिरा शोधली, त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. भारतात हे प्रश्न अजून पुरतेपणी विचारलेही गेलेले नाहीत.

पुराने दिलेला धडा

थंड हवेच्या देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी डिझेलशी मिळतेजुळते तेल जाळले जाते. जर्मनीत लाखो घरांच्या तळघरांत अशा तेलाच्या टाक्या आहेत. एकेका टाकीत काही हजार लिटर तेल मावते. एरवी या टाक्या निरुपद्रवी वाटतात. परंतु तळघरात पुराचे पाणी शिरले की अर्धवट भरलेली टाकी बुचासारखी वर उचलली जाते, तिला जोडलेल्या नळ्या तुटतात आणि आतील तेल पाण्यावर पसरते. जून २०१३ मध्ये डॅन्यूब व इसार या नद्यांच्या संगमाजवळील डेगेनडॉर्फ शहराच्या परिसरात नेमके हेच घडले. बांध फुटून फिशरडॉर्फ व नाटर्नबेर्ग या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले तेव्हा भिंतींच्या विटा तेल पिऊन बसल्या होत्या. नुसत्या पाण्याने भिजलेले घर वाळवता येते. तेल मुरलेले घर वाळवून भागत नाही. अनेक घरे अखेर पाडावी लागली.

जर्मन संसदेने त्यापासून बोध घेतला, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये अमलात आलेल्या सुधारित पूरसंरक्षण कायद्याने पूरप्रवण क्षेत्रांत अशा तेलाच्या नव्या टाक्या बसविण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली, आणि निश्चित केलेल्या पूररेषेतील जुन्या टाक्या पुरात टिकतील अशा करून घेण्यासाठी जानेवारी २०२३ ची मुदत घातली. अन्य जोखमीच्या क्षेत्रांना २०३३ पर्यंत सवड देण्यात आली. निसर्गाने मात्र ही मुदत पाळली नाही. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. त्यात तेथे एकशेतीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि गावोगावच्या चिखलात पुन्हा तेच तेल मिसळलेले आढळले. कायदा योग्य होता. पण त्याची मुदत पुरी होण्याआधीच पूर आला. सवलतीची मुदत ठरविताना मालकाच्या खिशाचा विचार होतो. त्या मुदतीतील धोका शेजाऱ्याच्या विहिरीवर पडतो, याचा विचार होत नाही.

मुरलेले तेल कसे वागते

जमिनीवर सांडलेले तेल प्रथम मातीच्या कणांमधील पोकळ्यांत उतरते. प्रमाण थोडे असेल तर ते तेथेच अडकून राहते. प्रमाण जास्त असेल तर ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोचते आणि पाण्याहून हलके असल्याने तेथे थर धरून तरंगते. हा थर सापडला तर त्यातील काही तेल विहीर खणून उपसता येते. खरा उपद्रव त्यानंतर सुरू होतो. तेलातील बेंझीन, नॅप्थलीन यांसारखे घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर उताराच्या दिशेने पुढे सरकतात. शिवाय भूजलाची पातळी ऋतूंप्रमाणे वरखाली होते. ती उतरली की तेलही उतरते. ती चढली की तेलाचा काही भाग पाण्याखालच्या मातीत अडकून पडतो. अशा रीतीने पातळ थराचे रूपांतर जाड पट्ट्यात होते, आणि त्या पट्ट्यातील तेल कोणत्याही पंपाला सहजासहजी दाद देत नाही.

त्यामुळे उपायही पायरीपायरीने करावे लागतात. आधी गळती थांबवावयाची. मग हाती लागेल तेवढी दूषित माती खणून काढावयाची. तरंगणारे तेल उपसावयाचे. पाणी पंपाने वर काढून सक्रिय कोळशाच्या थरातून गाळावयाचे. जमिनीत हवा खेळवून जिवाणूंच्या हातून उरलेल्या तेलाचे विघटन घडवावयाचे. तेलावर उपजीविका करणारे जिवाणू मातीत असतातच. त्यांना प्राणवायू व वेळ मिळाला तर ते पुष्कळ काम करतात. मात्र ‘निसर्ग आपोआप स्वच्छ करील’ हे वाक्य दोन अर्थांनी उच्चारले जाते. मोजमाप चालू ठेवून निसर्गाला काम करू देणे ही एक शास्त्रीय पद्धत आहे. मोजमाप न करता निसर्गावर भार टाकणे याला हलगर्जीपणा म्हणतात.

या सर्व खटाटोपात सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत नीरस काम निरीक्षण विहिरींचे असते. गळतीच्या जागेच्या वरच्या अंगाला एक, प्रवाहाच्या खालच्या अंगाला अनेक, अशा विहिरी घेऊन त्यांतील पाण्याचे नमुने ठरावीक काळाने वर्षानुवर्षे तपासावे लागतात. एका नमुन्यात तेल आढळले नाही म्हणजे पाणी शुद्ध झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. पंप चालू असताना पाण्यातील तेलाचे प्रमाण घटते आणि पंप बंद केल्यावर मातीत अडकलेल्या तेलामुळे ते पुन्हा वाढते, हा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. पावसाळ्यातला नमुना वेगळे सांगतो, उन्हाळ्यातला वेगळे. सफाई पूर्ण झाल्याची घोषणा ज्या दिवशी होते, त्या दिवसानंतरच्या नोंदी म्हणूनच अधिक बोलक्या ठरतात.

कायद्याने सोडलेली दोन टोके

अमेरिकेत भूमिगत टाक्यांच्या गळतीचा प्रश्न १९८०च्या दशकात ऐरणीवर आला. पेट्रोलपंपांखालील साध्या पोलादाच्या टाक्या गंजू लागल्या होत्या. १९८४ साली काँग्रेसने या टाक्यांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले. १९८६ मध्ये प्रत्येक गॅलन इंधनामागे एका सेंटचा दशांश इतका कर बसवून सफाईसाठी निधी उभारण्यात आला, आणि १९८८ मध्ये तपशीलवार नियम झाले. त्यानंतर पाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली व त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणांची सफाईही पार पडली. शोधावयाचे ठरविले म्हणजे किती सापडते, याचा हा पुरावा आहे. कायदा होण्यापूर्वी यातील बहुतेक टाक्या ‘सुस्थितीत’ समजल्या जात होत्या.

या कायद्याने दोन टोके मात्र मोकळी सोडली. ज्या जागेत तेल जाळावयाचे त्याच जागेत ते साठविणाऱ्या घर तापविण्याच्या टाक्या संघराज्याच्या कायद्यातून वगळण्यात आल्या. त्यांची काळजी राज्यांनी व घरमालकांनी वाहावी, असे गृहीत धरले गेले. दुसऱ्या टोकाला, जागेवरच बांधून काढलेल्या अवाढव्य टाक्यांना १९८८च्या नियमांतील बहुतेक अटी लागू करणे पुढे ढकलण्यात आले. अशा टाक्या मुख्यतः लष्कराच्या होत्या. त्यांना हे नियम लागू होण्यास २०१५ साल उजाडले. सर्वांत लहान टाकी क्षुल्लक म्हणून सुटली आणि सर्वांत मोठी टाकी लष्करी महत्त्वाची म्हणून सुटली. या दुसऱ्या सवलतीचा परिणाम काय झाला, हे हवाई बेटांवर दिसून आले.

रेड हिलची कहाणी

होनोलुलू शहराजवळ रेड हिल नावाची टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने तिच्या पोटात वीस टाक्या बांधल्या. प्रत्येकीची उंची अडीचशे फूट, व्यास शंभर फूट आणि धारणशक्ती सव्वा कोटी गॅलन. सगळ्या मिळून पंचवीस कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ९५ कोटी लिटर इंधनाची सोय. बाँबहल्ल्यापासून इंधन सुरक्षित राहावे म्हणून केलेली ही योजना त्या काळात स्थापत्यशास्त्राचा चमत्कार मानली गेली. परंतु या टाक्यांच्या तळाखाली अवघ्या शंभर फुटांवर ओआहू बेटाला पाणी पुरविणारा भूजलसाठा आहे, आणि नौदलाची स्वतःची पाणीपुरवठ्याची विहीरही त्याच टेकडीच्या पोटात होती.

जानेवारी २०१४ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा भरलेल्या एका टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन विमानाचे इंधन गळाले. २०१५ मध्ये नौदल, संघराज्याची पर्यावरण संस्था आणि हवाई राज्याचे आरोग्य खाते यांच्यात करार झाला. टाक्या सुधाराव्यात व भूजलाचा अभ्यास करावा, असे ठरले. पुढील काही वर्षे भूजल कोणत्या दिशेने वाहते यावर वाद घालण्यात गेली. नौदलाने मांडलेले भूजलप्रवाहाचे गणित नियंत्रक संस्थांना व होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाला पटत नव्हते. मंडळाचे मुख्य अभियंता अर्नी लाऊ हे या टाक्या भूजलसाठ्यावरून हलवाव्यात असे वारंवार सांगत होते.

मे २०२१ मध्ये चालकांच्या चुकीमुळे नळीत दाब वाढून इंधन बाहेर पडले. सोळाशे गॅलनच्या आसपास इंधन सांडले व जवळजवळ सर्व परत मिळविले, असा हिशेब देण्यात आला. प्रत्यक्षात वीस हजार गॅलनच्या आसपास इंधन सांडले होते आणि त्यातील बहुतांश अग्निशमन व्यवस्थेच्या सांडपाणी नळीत जाऊन बसले होते. साठ्याच्या हिशेबात तूट दिसत असूनही तिचा माग काढला गेला नाही. सहा महिने ते इंधन तेथेच पडून राहिले. २० नोव्हेंबर २०२१ रोजी बोगद्यातील एका गाडीची धडक त्या नळीला बसली आणि इंधनमिश्रित पाण्याचा लोंढा बाहेर पडून नौदलाच्या विहिरीत उतरला. नौदलाच्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. आठवड्याभरात घराघरांतून नळाला इंधनाचा वास येत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

यानंतरचे काही दिवस या प्रकरणाचा गाभा आहेत. नौदलाने २८ नोव्हेंबरला विहीर बंद केली. पण पाणी असुरक्षित असल्याचे दिसत नाही, असे रहिवाशांना सांगितले गेले. तळाच्या प्रमुखाने आपण व आपले सहकारी तेच पाणी पीत असल्याचे लेखी कळविले. पुढे त्याला माफी मागावी लागली. राज्याच्या आरोग्य खात्याने मात्र २९ तारखेलाच हे पाणी पिऊ नये असा सल्ला दिला, आणि दोन दिवसांत रेड हिल प्राथमिक शाळेतील पाण्याच्या नमुन्यात पेट्रोलियम आढळल्याचे जाहीर केले. त्यानंतर नौदलाच्या विहिरीतील नमुन्यातही ते निघाले. ज्याची टाकी गळली त्याच्या प्रयोगशाळेने नव्हे, तर दुसऱ्या संस्थेने शाळेच्या नळाखाली धरलेल्या बाटलीने सत्य बाहेर काढले.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगण्यासारखा आहे. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावे लागले. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने खबरदारी म्हणून जवळची आपली मोठी विहीर बंद केली आणि २०२२ मध्ये नागरिकांना पाण्याचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन करावे लागले. दूषित विहिरीतून रोज लक्षावधी गॅलन पाणी उपसून, कोळशाच्या थरातून गाळून ओढ्यात सोडावे लागले. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी साठवण केंद्र कायमचे बंद करण्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून दहा कोटी गॅलनहून अधिक इंधन तेथून काढण्यात आले. त्याच मार्च महिन्यात पाणी पिण्यास योग्य असल्याचे जाहीर झाले, तरी नंतरही काही रहिवासी पाण्यावर तवंग दिसत असल्याचे सांगत राहिले. मे २०२५ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने पहिल्या सतरा वादींना मिळून सहा लाख ऐंशी हजार डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. ही रक्कम त्यांनी मागितली होती त्याहून पुष्कळ कमी होती.

मोजणारा कोण?

श्रीमंत, शास्त्रसंपन्न आणि कायद्याने बांधलेल्या देशात हे का घडले? उपकरणे नव्हती असे नाही. निरीक्षण विहिरी होत्या, करार होता, अहवाल होते. परंतु प्रथम खबर देण्याचे, किती सांडले ते मोजण्याचे आणि पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे सांगण्याचे काम मुख्यतः ज्याच्याकडून इंधन सांडले त्याच्याच हाती होते. अशा स्थितीत मनुष्य मुद्दाम खोटे बोलतो असेच नव्हे; तो आपल्याला सोयीचा आकडा अधिक लवकर स्वीकारतो. सोळाशे गॅलनचा आकडा सोयीचा होता, म्हणून उरलेल्या अठरा हजारांचा शोध कोणी घेतला नाही. मोजमापाचा खर्च सांडणाऱ्याने द्यावा हे न्याय्य आहे. पण मोजमाप त्याच्या मालकीचे असता कामा नये. या दोन गोष्टींची गल्लत केली की ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे उत्तम तत्त्वही निकामी ठरते, कारण किती भरावयाचे हे तोच ठरवू लागतो.

आपल्याकडील स्थिती

भारतात घरे तापविण्याच्या टाक्या नाहीत, म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही. २०१३ साली उत्तर चेन्नईतील तोंडियारपेट भागात बोअरिंगच्या पाण्यात इंधन उतरले आणि जमिनीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीची गळती त्यामुळे उघडकीस आली. तेथेही पहिला इशारा कोणत्या यंत्राने दिला नाही. तो रहिवाशांच्या नाकाने दिला. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने रेड हिलमध्ये आणखी एक साम्य आहे. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा आहे. हवाई बेटांचा खडकही याच जातीचा. अशा खडकात पाणी वाळूतल्यासारखे सरळ झिरपत नाही. भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून वाट काढते. गळती एका बाजूला व्हावी आणि वास भलत्याच बाजूच्या विहिरीला यावा, हे येथे शक्य आहे. त्यातच पावसाळा व मे महिना यांच्या दरम्यान विहिरींची पातळी कित्येक मीटरांनी बदलते. पेट्रोलपंप, एस. टी. आगारे, कारखान्यांच्या भट्ट्यांचे तेल, इमारतींतील जनित्रांचे डिझेल अशा लहानमोठ्या टाक्या तर गावोगाव आहेत. आर खोऱ्यात पूर आला त्याच जुलै २०२१ मध्ये, आठवड्याभराने चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. पूररेषेतील इंधनाच्या टाक्यांसंबंधी जर्मनीने विचारलेला प्रश्न वाशिष्ठी, सावित्री, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठीही विचारण्याजोगा आहे.

कायदे नाहीत असे म्हणता येणार नाही. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याने ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत भूमिगत पाण्याचाही समावेश केला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पेट्रोलपंपांसाठी शाळा, रुग्णालये व निवासी वस्ती यांपासून पन्नास मीटरचे अंतर, आणि अपवाद म्हणूनही तीस मीटरहून कमी नाही, असा दंडक घातला. परंतु अंतर हे आगीपासून व वाफेपासून रक्षण करते. भेगाळ खडकातून जाणाऱ्या पाण्याला पन्नास मीटर म्हणजे काहीच नव्हे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. संशयित जागांची नोंद, तपासणी आणि जबाबदार व्यक्तीच्या खर्चाने सफाई, असा त्यांचा सांगाडा आहे. तो स्वागतार्ह आहे. पण जागा ‘संशयित’ ठरण्यासाठी कोणीतरी प्रथम पाणी तपासावे लागते.

नेमके तेथे पोकळी आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचे आहे. पण त्याचा मुख्य हेतू पाणी किती आहे हे पाहण्याचा आहे. गावपातळीवर दिल्या जाणाऱ्या तपासणी पेट्या क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह व जिवाणू यांचा शोध घेतात. तेलातील घटकांचा नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा दिलेली आहे, पण ती मर्यादा ओलांडली गेली की नाही हे नियमितपणे पाहणारी व्यवस्था गावापर्यंत पोचलेली नाही.

उशीर किती महाग पडतो, हे राजस्थानातील बिछडी गावाने दाखविले आहे. तेथील रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने हानीचा अभ्यास केला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई दिली पाहिजे असा निकाल दिला. १९९७ मध्ये रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. ती भरण्याचे टाळले जात असल्याने २०११ मध्ये न्यायालयाला त्यावर चक्रवाढ व्याज लावावे लागले. ज्या शेतकऱ्याची विहीर पहिल्या निकालाच्या वेळी नासलेली होती, त्याची एक पिढी तोवर पुढे सरकली होती. तरीही या खटल्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हानीचे मोजमाप कारखानदारांच्या हाती राहिले नाही, म्हणूनच न्यायालयाला आकडा ठरविता आला.

यावरून करावयाच्या गोष्टी फार गुंतागुंतीच्या नाहीत. ठरावीक मर्यादेपुढील प्रत्येक इंधनसाठ्याची, मग तो खाजगी असो, सरकारी असो वा लष्करी, नोंद भूजलाच्या नकाशावर असली पाहिजे. मोठ्या साठ्यांभोवती निरीक्षण विहिरी मालकाच्या खर्चाने घेतल्या जाव्यात. नमुने मात्र स्वतंत्र संस्थेने घ्यावेत आणि निष्कर्ष त्या गावच्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत मराठीतून लावले जावेत. इंधनावरील करातून थोडा अंश सफाईच्या निधीसाठी बाजूला काढता येईल. अमेरिकेने एका सेंटच्या दशांशात ते केले. पूररेषेतील टाक्यांना दिलेली मुदत अल्प असावी. आणि सफाई पूर्ण झाल्यावरही काही वर्षांचे मोजमाप बंधनकारक असावे.

यात खर्च आहे, हे खरे. पण भूजल एकदा नासले की ते परत मिळविण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो, आणि तो बहुधा सांडणाऱ्यावर पडत नाही. तो पडतो हंडा घेऊन दूरच्या विहिरीवर जाणाऱ्या घरावर. त्या घराला आपल्या पाण्यात काय आहे हे आधी कळण्याचा हक्क आहे. आणि तो हक्क टाकीच्या मालकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून ठेवणे कोणत्याही सरकारला शोभणारे नाही.